धूर म्हणजे नायट्रोजन नव्हे

तेलक्षेत्रातल्या इंजिनांचा धूर दाबून, तेल बाहेर ढकलण्यासाठी जमिनीखालच्या तेलसाठ्यात सोडायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरतो: "धूर म्हणजे ८८ टक्के नायट्रोजन. हिशोबात नायट्रोजनच धरा, नाहीतर सरळ आदर्श वायूचं सूत्र (PV = nRT) लावा. थोडा कार्बन डायऑक्साइड आहेच, त्यामुळे तो तेलात मिसळेलही." या सल्ल्यावर कॉम्प्रेसर निवडले जातात, म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासायला हवा.

८८ टक्के हा आकडा मिथेन अगदी गरजेपुरत्या हवेत जाळल्यावरच्या कोरड्या, म्हणजे वाफ वगळलेल्या, धुराचा आहे. उरलेला १२ टक्के कार्बन डायऑक्साइड. प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या धुरात सुमारे १९ टक्के वाफ असते आणि नायट्रोजन ७१-७२ टक्क्यांवर येतो. गॅस टर्बाइनचं गणित आणखी वेगळं: तिथे जास्तीच्या हवेमुळे ऑक्सिजन १३ ते १५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३-४ टक्के. तो धूर तसाच साठ्यात सोडणं म्हणजे गंज आणि स्फोट या दोन्हींना आमंत्रण. धुरातले घटक मोजणारं विश्लेषक यंत्र बहुधा कोरडे आकडे देतं, हेही विसरू नये.

"नायट्रोजनच धरा" यातली चूक खोल विहिरीत दिसते. खरा वायू आदर्श सूत्रापासून किती ढळतो ते झेड गुणांक सांगतो; आदर्श वायूचा तो १ असतो. १०० अंश सेल्सिअस आणि ३०० बारला शुद्ध नायट्रोजनचा झेड सुमारे १.१२, तर कार्बन डायऑक्साइडचा ०.६४. वरच्या कोरड्या मिश्रणाचा साधारण १.०६. म्हणजे घनता नायट्रोजन धरून घनमीटरला सुमारे २४० किलो येते, आदर्श वायू धरून जवळपास २९०, आणि खरी २७० च्या आसपास. ३००० मीटरच्या विहिरीत नायट्रोजन धरल्याने तळाचा दाब सुमारे ८ बारने कमी दिसतो. खडक फुटण्याच्या दाबाजवळ काम चालू असेल तर ही चूक महागात पडते. आदर्श सूत्र उलट्या बाजूला चुकतं. कॉम्प्रेसरच्या पहिल्या टप्प्यांत झेड १ ला चिकटून असतो, म्हणून ते सूत्र बरोबर वाटत राहतं.

मग वापरायचं काय? खऱ्या वायूंचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणारं पेंग-रॉबिन्सन समीकरण, त्यातला नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइड जोडीचा परस्परक्रिया गुणांक सुमारे उणे ०.०२ ठेवून, आणि घनतेसाठी आकारमान-दुरुस्तीसह. ३५० बारपर्यंत जीईआरजी-२००८ हे वायू-मिश्रणांचं समीकरण अधिक नेमकं. झेड वाचायचा स्टँडिंग-कॅट्झचा तक्ता आणि ली-गोन्झालेझ-ईकिनचं चिकटपणाचं सूत्र नैसर्गिक वायूसाठी बेतलेलं आहे. धुराला ते लावू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र पाणी करतं, आणि सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. या धुराचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागण्याचं तापमान, वातावरणीय दाबाला ५९ अंशांजवळ असतो. ४० अंशांपर्यंत थंड केल्यावर वाफ ७.४ टक्के उरते, ४ बारला दाबून पुन्हा तेवढंच थंड केलं की १.८, आणि १६ बारला ०.५ च्या खाली. म्हणजे बहुतेक पाणी सुरुवातीच्या कूलरांतच गळतं. नेमकं तिथेच, दाब वाढून तापमान उतरलं की, नायट्रिक ऑक्साइड उरलेल्या ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो आणि त्या पाण्यात नायट्रिक आम्ल तयार होतं. घनतेच्या हिशोबात नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण नगण्य असतं, पण साध्या पोलादाच्या नळ्या हेच आम्ल खातं. म्हणून धूर दाबण्याआधी नायट्रिक ऑक्साइड काढणाऱ्या उत्प्रेरकातून न्यावा, पहिल्या कूलरांच्या नळ्या आणि पाणी वेगळं करणारी भांडी स्टेनलेस स्टीलची घ्यावीत, आणि वाफेचा हिशोब प्रत्येक टप्प्याला नव्याने करावा. शंभर बारच्या पुढे आदर्श हिशोब वाफ खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

राहिला "तेलात मिसळेल" हा दावा. १२ टक्के कार्बन डायऑक्साइडने मिश्रण कार्बन डायऑक्साइडसारखं वागत नाही. पूर्ण मिसळण्यासाठी लागणारा दाब नायट्रोजनच ठरवतो. टेक्सासच्या क्रेन काउंटीतल्या ब्लॉक ३१ क्षेत्रात १९६० च्या दशकापासून धूरवायू वापरला गेला, पण तिथलं तेल हलकं आणि साठा खोल, जास्त दाबाचा होता. शिवाय साठ्यात मिश्रण तसंच राहत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या कितीतरी पट विरघळतो, तेलातही जास्त. त्यामुळे उत्पादन विहिरीत आधी नायट्रोजन पोहोचतो आणि विक्रीच्या वायूचं उष्मांक मूल्य घसरू लागतं.