एक स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. वरच्या मजल्यावरचे फोन सकाळी दोन तास बंद राहिले, तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "दोन तासांच्या कामाला रात्र घालवली आणि वर फोनही बंद पाडले" हे जे लिहिलंय ना, ते फार लागलं.

तुमच्या नेटवर्क स्विचवर (पीसी, फोन जोडणारे डबे) व्हीलॅन लावायला, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे भाग करायला, दोन तास मीच म्हटलं होतं, मान्य. पण ते तुम्ही "तिन्ही स्विच सेम आहेत" म्हणालात म्हणून. रॅक उघडला तर तीन स्विच, तीन कंपन्यांचे. टॅगिंगचं, म्हणजे डेटा कुठल्या व्हीलॅनचा ही खूण लावायचं, स्टँडर्ड सगळ्यांचं एकच, 802.1क्यू, फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) 4 बाइटचा टॅग आणि त्यात व्हीलॅनचा नंबर, पण सेटिंगची भाषा ज्याची त्याची. सिस्कोवर ट्रंक म्हणजे सगळे व्हीलॅन नेणारा पोर्ट, प्रोकर्व्हवर ट्रंक म्हणजे दोन-चार लिंक एकत्र बांधणं, तिथे व्हीलॅनमध्ये जाऊन पोर्ट टॅग्ड करावा लागतो. तिसरा तो छोटा ब्राउझरवाला, त्यात पोर्ट व्हीलॅन 30 मध्ये अनटॅग्ड (बिनटॅगचा) केला तरी पीव्हीआयडी, म्हणजे बिनटॅगचं आत येणारं कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तो नंबर, दुसऱ्याच पानावर 1 राहिलेला, म्हणजे पीसीकडे जाणारं 30 मधून जातंय आणि पीसीकडून येणारं 1 मध्ये पडतंय, आणि लाइट मात्र हिरवेगार! नेटिव्ह व्हीलॅनही (स्विचमधल्या लिंकवरून बिनटॅगचा जाणारा) एका टोकाला 99, दुसऱ्याला 1. दोन्हीकडे सिस्को असतं तर सीडीपीने (सिस्कोची शेजारचा स्विच ओळखायची सोय) मिसमॅच म्हणून ओरड केली असती, इथे सगळे गप्प, एकेक पोर्ट बघत बसलो. पहाटे तीनला संपलं, प्रत्येक फोन लावून बघितला मगच निघालो. जादा तासांचे पैसे मागितले का? नाही.

आता फोनचं. सकाळी 9:10 ला तुमच्याच ऑफिसातल्या मुलाने (चांगला मुलगा आहे, नाव घेत नाही) कॅमेऱ्यांसाठी वरच्या स्विचला कन्सोल केबल (थेट सेटिंग करायची) लावून अपलिंकवर (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 50' टाकलं. मधला 'ॲड' राहिला. आम्ही 10, 20, 30, 99 ठेवले होते, ॲड नसला की जुनी यादी जाते आणि एकटा 50 उरतो. फोन 20 वर, ते गेले. मॅनेजमेंट (स्विचच्या सेटिंगमध्ये शिरायची वाट) 99 वर, तेही गेलं, म्हणून मला घरून आत शिरता येईना, गाडी काढून यावं लागलं. आलो तर त्याने सेव्हच केलं नव्हतं, म्हणजे नुसता स्विच बंद-चालू केला असता तरी फोन आले असते. तेच विचारायला तीनदा फोन केला होता सर, तुम्ही कट केला. लॉगमधल्या वेळेचा फोटो पाठवलाय, बघितलाय तुम्ही.

हां, पासवर्ड त्याला आम्हीच दिला आणि ॲडचं सांगायचं राहिलं, ती चूक आमची. यापुढे कुठल्या पोर्टवर काय टॅग्ड ते लिहून रॅकवर चिकटवायचं बघतोय, आणि काम घ्यायच्या आधी स्विचचे फोटोही मागवू. स्टार बदला असं म्हणत नाही. तेवढं "फोन बंद पाडले" हे वाक्य बघा, ते वाचून आजच एकांनी ठरलेलं काम थांबवलंय.