‘चार इंची पाइप भिंतीतून काढा’ म्हणणाऱ्यांना

महाबळेश्वर-पाचगणीकडे घर बांधणाऱ्यांमध्ये थंडी सुरू झाली की एक सल्ला फिरू लागतो. फायरप्लेसमध्ये अवघड काय? गवंड्याकडून विटांचा कोनाडा करून घ्या, चार इंची पाइप भिंतीतून बाहेर काढा, मिळेल ते लाकूड जाळा, सगळं घर उबदार. आपल्या आज्या जन्मभर चुलीपुढे बसल्या, त्यांना काय झालं?

आधी तो पाइप. धुरांडं म्हणजे धूर जायला ठेवलेलं भोक नव्हे. आतली तापलेली हवा वर चढते आणि मागून खोलीतली हवा खेचते. ही ओढ धुरांड्याच्या उंचीवर आणि ते किती गरम राहतं यावर ठरते. आडव्या पाइपाला उंचीच नाही. वारा फिरला की धूर दिवाणखान्यात. मापाचाही हिशेब करा. उघड्या फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण एकदशांश पोकळी धुरांड्यात हवी, असा ठोकताळा आहे. ३० बाय २४ इंचाच्या तोंडाला ७२ चौरस इंच लागतात. चार इंची पाइपात मिळतात जेमतेम साडेबारा. शिवाय धुरांडं छपरातून निघतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (गच्चीवरची पाण्याची टाकी धरून) त्याच्याहून २ फूट वर. एकेरी पत्र्याचा पाइप लाकडी वाशांमधून नेला, तर छप्पर कधीतरी पेटणारच.

‘मिळेल ते लाकूड’ हा त्याहून वाईट सल्ला. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलं पाणी उकळण्यात जाते, धूर गार पडतो आणि आत डांबरासारखी काजळी धरते. पुढे तीच पेटते. लाकडात २० टक्क्यांहून कमी ओल हवी. तिकडच्या पावसात उघड्यावर रचलेली मोळी तशी होणार नाही. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या तर नकोच. मागच्या रानातून तोडून आणू म्हणाल, तर तो भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

सगळं घर? नाही. समोर बसलेल्याचे गुडघे शेकतात, बरीचशी उष्णता वर निघून जाते. उबेसाठीच हवं असेल, तर काचेचं दार असलेली, धुरांड्याला जोडलेली बंद लोखंडी शेगडी घ्या.

राहिली आजी. तिचं घर कौलारू होतं, धूर कौलांच्या फटींतून जायचा. तरी तिचे डोळे चुरचुरत आणि ती खोकत असे. ‘काय झालं’ हे आपणच विचारलं नाही. आपल्या घराला स्लॅब आहे, खिडक्या घट्ट बसतात, आणि स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट सुरू केला की तो फायरप्लेसचा धूर उलटा घरात खेचू शकतो.

त्या सल्ल्यात शेवटी असंही असतं, की झोपताना निखारे असतानाच धुरांड्याची झडप लावून घ्या, ऊब टिकते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तसाच टिकतो, आणि त्याला वास नसतो.