पुढचे 42 दिवस कुठे राहणार?

ठाण्यात आरोग्यसेवेवरून वाद पेटला की तो खाटांपाशी येऊन थांबतो. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हाही तेच झालं. खाटा हव्यातच. पण इंग्लंडमध्ये बसून ही चर्चा वाचताना एक प्रश्न कुठेच सापडत नाही: बाळ-बाळंतीण रुग्णालयाबाहेर पडली की त्यांची जबाबदारी नेमकी कुणाची?

इथल्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. डॉक्टरची वेळ मिळवताना नाकी नऊ येतात, आणि ‘सगळं फुकट’ म्हणावं तर व्हिसावर येणारे अनेक प्रौढ वर्षाला 1035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरून आलेले असतात. मात्र जन्माची सूचना 36 तासांत द्यावीच लागते. बाळाला आरोग्य क्रमांक मिळतो आणि आई राहते त्या भागातल्या हेल्थ व्हिजिटरच्या यादीत ते चढतं. ही पगारी, नोंदणीकृत नर्स. बाळ 10 ते 14 दिवसांचं असताना ती घरी येते; पुढच्या तपासण्या 6 ते 8 आठवड्यांनी, वर्षाच्या सुमारास आणि दोन-अडीच वर्षांनी. 2015 नंतर या नर्स बऱ्याच कमी झाल्या, भेटी लांबतात. तरी बाळ यादीत असतं.

आपली व्यवस्था कागदावर याहून घट्ट आहे! रुग्णालयात बाळंतपण झालं की आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं, मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. माशी शिंकते ती पत्त्यावर. आशाची यादी घरोघरच्या सर्वेक्षणातून तयार होते. नवी मुंबईतल्या दिघ्याची बाई ठाण्यातल्या कळव्याला बाळंत झाली की महापालिकाच बदलते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. तुर्भ्याच्या भाड्याच्या खोलीचा करार 11 महिन्यांचा. त्यात सहा भेटींचे मिळून आशाला 250 रुपये मिळतात, तेही 45 व्या दिवशी, भेटी आणि नोंदी पूर्ण झाल्या तर. तीन आठवड्यांत गावी निघणारं कुटुंब यादीत घेऊन तिच्या हाती काय लागणार? याला तिची कामचुकारी म्हणणं सोपं आहे, आणि चूक आहे.

बाकीच्या अडचणी त्याच पत्त्याला येऊन चिकटतात. अंगणवाडी महापालिकेची नाही, राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. तिची हद्द आणि नागरी आरोग्य केंद्राची हद्द जुळेलच असं नाही. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीची कुपी एकदा कालवली की 4 तासांत वापरावी लागते, म्हणून केंद्रं ती ठरावीक वारीच उघडतात. चुकीच्या दिवशी गेलेली बाई बाळाला घेऊन रिकामी परतते. मातृवंदना योजनेत आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणि खातं आधारशी जोडलेलं नाही, एवढ्यावर पहिल्या बाळाचे 5000 रुपये अडकतात.

डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवावा: ‘पुढचे 42 दिवस कुठे राहणार?’ आधारवरचा पत्ता तिथे चालणार नाही. उत्तर मिळालं की वॉर्डातल्या सिस्टरने त्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या एएनएमला, म्हणजे तिथल्या परिचारिकेला, त्याच दिवशी फोन करावा. आईचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक, बाळाचं वजन, आणि बीसीजी, पोलिओचा जन्मावेळचा ‘शून्य’ डोस, हिपॅटायटिस बी यांपैकी काय राहिलं, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्या एएनएमचा नंबर कुटुंबाच्या कार्डावरही लिहावा.

दुसरं, पैसे भेटीमागे द्यावेत. तिसऱ्या महिन्यानंतरच्या भेटींना आजही प्रत्येकी 50 रुपये आहेत. पहिल्या सहांनाच एकगठ्ठा हिशेब कशाला? केंद्र सरकारचा निकष बदलेपर्यंत फरक महापालिकेने आपल्या तिजोरीतून भरावा. सुरुवात कळवा-दिघा पट्ट्यापासून करता येईल. त्यासाठी ठाणे आणि नवी मुंबईने आपापल्या एएनएमच्या फोन नंबरांची यादी एकमेकांना द्यावी आणि दर महिन्याला ती ताजी करावी, कारण बदल्या होतात आणि जुना नंबर कुणीच उचलत नाही.