शिकागोचे फायरमन आणि आपली सोसायटी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘शिकागो फायर’ या अमेरिकन मालिकेवरून जुंपली आहे. भाच्याने ती रात्र रात्र जागून बघितली आणि जाहीर केलं, “मराठीत असं काही का होत नाही? आपल्याकडे मालिका म्हणजे सासू, सून आणि मंगळसूत्र.” त्यावर त्याच्या काकांचं म्हणणं, तिकडे फायरमनला मान आहे म्हणून त्याच्यावर मालिका निघते, इकडे त्याला विचारतो कोण? धाकट्या वहिनीने दोघांनाही झापलं: आधी इमारतींना लागणाऱ्या आगी थांबवा, मग मालिका काढा. मी राहते शिकागोच्या एका उपनगरात, त्यामुळे तिघांनीही मला साक्षीला ओढलं आहे. तूच सांग, तिकडे खरंच असं असतं का?

थोडं असतं, बरंचसं नसतं. पण जे असतं ते भाच्याला वाटतं तिथे नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: एनबीसी वाहिनीवर ही मालिका 10 ऑक्टोबर 2012 ला सुरू झाली आणि डझनभर पर्वं झाली तरी थांबायचं नाव नाही. फायरहाउस 51 नावाचं एक काल्पनिक केंद्र, त्यातली ट्रक 81, स्क्वाड 3 आणि ॲम्ब्युलन्स 61 वरची माणसं. पहिल्याच भागात डार्डन नावाचा फायरमन आगीत जीव गमावतो. केसी आणि सेव्हराइड हे दोन लेफ्टनंट, चांगले दोस्त, त्या मरणाचं खापर एकमेकांवर फोडतात. हे प्रकरण दोन-चार भागांत मिटत नाही. दहाव्या पर्वात केसी शिकागो सोडून ऑरेगॉनला जातो तो डार्डनच्या मुलांना सांभाळायला. गेलेल्या माणसाचं देणं इतकी वर्षं डोक्यावर ठेवणारी मालिका विरळा. आपल्याकडे तेराव्याला फोटोला हार घातला की पात्र संपलं.

दुसरी मला आवडणारी गोष्ट म्हणजे यातल्या लोकांचं पोट. केसी सुट्टीच्या दिवशी बांधकामाची कामं घेतो. घरी पोरांची पलटण असलेला हर्मन दोघा सहकाऱ्यांबरोबर भागीदारीत बार काढतो. सेव्हराइड जुनी दुखापत लपवून, वेदनाशामकं घेऊन कामावर येतो, कारण कळलं तर गाडीवरून उतरवतील. आणि माउच! कोचावरून न उठणारा हा गृहस्थ युनियनचं काम मात्र हिरिरीने करतो. बाकी मालिकेत फापटपसारा भरपूर आहे. एका केंद्रावर इतकी प्रेमप्रकरणं चालली तर पाइप कोण धरणार, असा प्रश्न मला दर पर्वात पडतो.

आता खरं शिकागो. ज्या केंद्राचं बाहेरचं चित्रण होतं ते ब्लू आयलंड ॲव्हेन्यूवरचं इंजिन 18 चं खरोखरचं चालू केंद्र आहे. पाहुणे आले की तिथे फोटो काढायला न्यावं लागतं. मालिकेत भागागणिक काहीतरी पेटतं किंवा कोसळतं. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या अग्निशमन दलांकडे येणाऱ्या शंभर वर्दींपैकी, म्हणजे मदतीच्या निरोपांपैकी, साठाहून जास्त वैद्यकीय मदतीच्या असतात. आगीच्या असतात जेमतेम चार-पाच. उरलेल्यांत खोटे अलार्म, गॅसचा वास, लिफ्टमध्ये अडकलेले लोक. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये एका शेजाऱ्याचा पॉपकॉर्न करपला, तर चार धिप्पाड माणसं अंगावर सगळा सरंजाम चढवून तीन मजले चढून आली, अलार्मचं पॅनल बघितलं, खिडकी उघडली आणि गेली. कोणी कोणावर डाफरलं नाही. मिरचीच्या फोडणीमुळे आपल्याही दारात ती येतील या धास्तीने मी पुढचे कित्येक दिवस आमटीला फोडणीच घातली नाही, ते वेगळं.

मालिकेत ज्या गोष्टीचं थोडंसंच दर्शन होतं आणि मला इथे राहून दिसली, ती म्हणजे त्यांचं जेवण. पाळी चोवीस तासांची, मग अठ्ठेचाळीस तास सुट्टी. जेवणाचा खर्च आपापसांत वर्गणी काढून. त्यामुळे दुपारी किराणा दुकानाबाहेर लाल गाडी उभी दिसते आणि आत चार फायरमन कोंबडीच्या तंगड्यांच्या भावावरून हुज्जत घालत असतात. एकदा माझ्यापुढे रांगेत होते. वायरलेसवर काहीतरी खरखरलं आणि चौघेही पळाले. ढकलगाडी तशीच. काउंटरवरच्या पोरीने न विचारता ती आतल्या शीतकपाटाकडे नेली. “तासाभरात येतील,” ती म्हणाली, “नाही आले तर संध्याकाळी.” काका ज्याला मान म्हणतात, तो मला या पोरीत दिसला. तिने सलाम ठोकला नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत, कोंबडी खराब होऊ दिली नाही.

हा मान आकाशातून पडलेला नाही, हे मात्र काकांना सांगायला हवं. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात 343 फायरमन गेले. त्यानंतर या देशात फायरमनला देव्हाऱ्यात बसवलं गेलं, हे खरं. पण पगार, पेन्शन आणि गाडीवर किती माणसं असली पाहिजेत याचे नियम देव्हाऱ्यातून आले नाहीत. 1980 च्या फेब्रुवारीत शिकागोचे फायरमन संपावर गेले. लेखी करार हवा, ही मागणी. तीन आठवड्यांवर संप चालला. महापौर जेन बर्न यांच्याशी उघड झगडा झाला, आणि आगीशी लढणारे संपावर जातातच कसे, म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. करार झाला तो त्या शिव्या खाऊन. माउचची युनियनगिरी मालिकेत विनोदासाठी वापरली आहे. खरं तर सगळ्या डोलाऱ्याचा खांब तीच आहे.

आता मी भाच्याला काय म्हणते ते. अशी मालिका मराठीत व्हावी, पण शिकागोची नक्कल नको. आपल्याकडच्या फायरमनचं आयुष्य मूळचंच जास्त नाट्यमय आहे, कारण तो गाडीच्या डोक्यावरच संसार करतो. शिकागोत फायरमनला शहराच्या हद्दीत राहावं लागतं, एवढाच नियम. त्यामुळे माउंट ग्रीनवूडसारख्या वस्त्यांत गल्लीच्या गल्ली पोलीस आणि फायरमनांची. मुंबईत मात्र कितीतरी केंद्रांच्या आवारातच क्वार्टर्स. माझ्या मावशीचे यजमान यंत्रचालक होते, म्हणजे बंब चालवणारे आणि पंप सांभाळणारे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्यांच्याकडे पडीक असायचो. खाली घंटा झाली की मावशी काहीही न बोलता यजमानांच्या ताटावर ताट उपडं घालायची. गॅलरीत सगळ्या बायका. एखादी वरून ओरडायची, “कुठंय?” खालून गाडीत चढता चढता उत्तर यायचं. ‘किरकोळ आहे’ म्हणाले तर ताट झाकलेलं राहायचं. ‘मशीद बंदर’ म्हणाले तर मावशी भात परत पातेल्यात काढायची, कारण गोदामांची आग म्हणजे सकाळ.

एकदा मिरचीचं गोदाम जळलं. पहाटे मावशीचे यजमान आले, डोळे लालभडक, आणि मावशीने त्यांचे कपडे मोरीत बादलीत भिजत घातले, तर आम्ही सगळी पोरं खोकत खोकत गॅलरीत. त्या वेळी हसलो होतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचं काम कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. इथे अमेरिकेत बऱ्याच केंद्रांवर आता आगीवरून आलेले कपडे घरी न्यायची बंदी आहे. ते केंद्रावरच खास यंत्रात धुतात. मावशीची ती बादली आमच्या आंघोळीचीच होती. एका भागाचं कथानक एवढ्यात होतं, आणि त्याला स्पेशल इफेक्टचा खर्च शून्य.

बायकांचं पात्रही आणावं लागणार नाही. शिकागोच्या मालिकेत स्टेला किड ही लेफ्टनंट मुलींना या कामात आणण्यासाठी एक उपक्रम चालवते, त्याचं फार कौतुक झालं. आपल्या नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. 2002 साली तिथे हर्षिनी कान्हेकर नावाची नागपूरचीच मुलगी दाखल झाली, तेव्हा वर्गातच नव्हे तर अख्ख्या कॉलेजात बाकी सगळी मुलं होती. देशातली पहिली महिला फायरफायटर म्हणून तिचं नाव घेतात. पटकथेला आणखी काय हवं?

काकांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला जास्त टोचतो. इकडे विचारतो कोण, असं ते म्हणतात. विचारतात की! 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी गेले. तेव्हा आमच्या ग्रुपवर मेणबत्त्यांचा पाऊस पडला होता. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात 66 अग्निशामक गेले. म्हणून तो दिवस देशभर पाळला जातो आणि पुढे आठवडाभर सप्ताह चालतो. मेल्यावर आपण कोणालाच काही कमी करत नाही. जिवंतपणी तोच केंद्र अधिकारी सोसायटीत तपासणीला आला आणि म्हणाला, जिन्यातल्या सायकली काढा, की त्याच्याबद्दल आपली भाषा काय असते? ‘आला खायला.’ कधी ते खरंही असतं, नाकारत नाही. पण सायकली जिन्यात असतात हेही खरं असतंच.

म्हणून या भांडणात मी सगळ्यात जास्त वहिनीच्या बाजूची आहे, फक्त ती म्हणते तसं आधी हे आणि मग ते, असं नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यायची जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्यांची, म्हणजे आपली. आपल्या सोसायटीचं या जुलैत गेलं का, असं मी ग्रुपवर विचारलं. एरवी दोन मिनिटांत पन्नास मेसेज टाकणारी मंडळी चिडीचूप. शेवटी काकांचा निरोप आला की पंप दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत पुढे ढकलला आहे, लॉबीच्या टाइल्स आधी बदलायच्या होत्या. कमला मिल 2017 च्या डिसेंबरात जळली, 14 जण गेले. भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात 2021 च्या जानेवारीत 10 नवजात बाळं गेली. प्रत्येक वेळी ‘परवानगी कोणी दिली’ यावर आपण तावातावाने बोललो. ते विचारायलाच हवं. त्याच सभेत टाइल्सना हात वर करणारे कोण होते, हेही विचारायला हवं.

आणि हे फक्त आपल्याकडेच, असं म्हणून ग्रुपवरच्यांनी कपाळाला हात लावू नये. 17 ऑक्टोबर 2003 ला शिकागोच्या भर मध्यवस्तीत कुक काउंटीच्या कार्यालयाच्या इमारतीला आग लागली. लोक जिन्यात उतरले, धूर आला, परत वर वळले, तर मजल्यांची दारं जिन्याच्या बाजूने कुलूपबंद. सहा जण गेले. मग शहराने जुन्या उंच इमारतींसाठी नियम आणला. कार्यालयांना स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवायला लावले. राहत्या इमारतींचे रहिवासी मात्र खर्चाच्या नावाने असे काही ओरडले की त्यांना स्प्रिंकलरऐवजी सुरक्षा-मूल्यमापन करून दुसरे उपाय करण्याची मुभा मिळाली, आणि त्याचीही मुदत वाढत गेली. तळ्याकाठच्या महागड्या टॉवरमधले ते लोक आणि आमचे काका एकाच सभेत सहज खपतील.

‘शिकागो फायर’मध्ये यातलं फारसं नाही. तिथे आग लागते, कारण गोष्टीला आग लागते. ती कोणी लागू दिली, हे क्वचित येतं. मराठी मालिकेने तिच्यापुढे जायचं असेल तर इथे जायला जागा आहे. दुपारी तपासणीला गेलेला केंद्र अधिकारी रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळ्या ठेवायच्या जागेत, मांडलेलं कॅरमबोर्ड आणि कपाटं बघून नोटीस काढतो, सेक्रेटरी नगरसेवकाला फोन लावतो, नोटीस फायलीत जाते. तीन भागांनंतर रात्री घंटा होते आणि खालून पत्ता ओरडला जातो तो त्याच इमारतीचा. या वेळी गॅलरीतल्या बाईला तो पत्ता आधीपासून माहीत आहे, कारण त्या नोटिशीपायी नवरा आठवडाभर नीट जेवलेला नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याने अंगठा दिला. मग त्याचाच प्रश्न: चॅनेलवाले सासू कुठेय म्हणतील, त्यांना काय सांगायचं? सासू आहे की. क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, मुलगा रिटायर झाला की ही जागा सोडावी लागणार म्हणून विरार की बदलापूर यावर सुनेशी रोज भांडणारी. वहिनीने तेवढ्यात पंपाच्या दुरुस्तीचं कोटेशन ग्रुपवर टाकलं आहे. काकांनी ते अजून बघितलेलं नाही.