श्रेय एकाचं की संघाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारात संघाला सन्मान देणं म्हणजे कुणालाच न देणं. भारतरत्न विश्वेश्वरय्यांना मिळालं, त्यांच्या खात्याला नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. मला हे पटत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

विश्वेश्वरय्यांबद्दल वाद नाही. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, म्हणजे पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की आपोआप उघडणारे, ही त्यांचीच कल्पना होती. तिथे एकच नाव शोभतं. पण २०२४ मध्ये पहिला संघ-पुरस्कार मिळाला तो चांद्रयान-३ ला. तिथे कुणा एकाचं नाव घालायचं?

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं चंद्रावर उतरणारं यान, विक्रम, कोसळलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, आणि उतरायला जागा होती जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद. त्यानंतर इस्रोने ‘काय काय बिघडू शकतं?’ इथूनच नवा आराखडा सुरू केला. मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेझर उपकरण बसवलं. सेकंदाला २ ऐवजी ३ मीटर वेगाने टेकलं तरी मोडणार नाहीत असे पाय केले. उतरण्याची जागा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद धरली. यातलं काहीही सुटं नाही. इंधन वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की पायांचा आणि इंजिनांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. एका गटाने आकडा बदलला की दुसऱ्याला कामाला बसावं लागतं. शिवाय रॉकेटची ‘विकास’ नावाची इंजिनं विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनली, तिथल्या कारागिरांचे हातही यात आहेतच.

आणि व्यक्तींना डावललं म्हणाल, तर त्या वर्षीच्या ३३ पुरस्कारांपैकी ३२ व्यक्तींनाच मिळाले. विज्ञानरत्न, म्हणजे यातला सर्वोच्च पुरस्कार, जीवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांना, आणि पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठीचा भटनागर पुरस्कारही चालूच आहे.

तुमची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे: संघात माणसं हरवतात. प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि त्यांच्या सहकारी कल्पना कालाहस्ती यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, बाकीच्यांची नाहीत. म्हणून संघ-पुरस्कार जाहीर होईल तेव्हा सोबत सगळ्या नावांची यादी छापलीच पाहिजे, चांद्रयान-२ वर राबून मधल्या काळात निवृत्त झालेल्यांसकट.