पाकिटावर नाव घालायला विसरू नका

नाताळ तोंडावर आला की मुंबईत गरिबांचा तुटवडा पडतो. भायखळ्याच्या पुलाखाली झोपणाऱ्या एकेकाला डिसेंबरात तीन-तीन ब्लँकेटं मिळतात, तीही मुंबईच्या थंडीत! तेव्हा सत्कर्म करायचं असेल तर आपला गरीब आधीच हेरून ठेवा.

अडचण एकच. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, दान करताना कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. घाबरू नका. मोबाइल पुतण्याच्या हातात द्या. वचन डाव्या हाताबद्दल आहे, पुतण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

राहिला कर्णा. जेरुसलेमच्या मंदिरात दानासाठी १३ पेट्या होत्या आणि त्यांची तोंडंच कर्ण्यासारखी. श्रीमंताचं जड नाणं पडलं की काय खणखणाट होत असेल! बायबलातली ती गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकून गेली, तिचा आवाज एकट्या येशूला आला. आपलं तेवढ्यावर भागत नाही. म्हणून चर्चच्या पुढच्या सभेत ठराव मांडा: अर्पणाची थैली बंद, क्यूआर कोड आणि बोलका डबा सुरू. रक्कम तो मोठ्यानं सांगेल, तुम्ही फक्त मान खाली घालून बसा. चर्चला बाक दिलात तर नाव पाठीवर कोरून घ्या. मागचा माणूस प्रार्थनेनंतर डोळे उघडतो तेव्हा त्याला आधी तेच दिसतं.

अशा लोकांबद्दल येशू म्हणतो, ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. इथला मूळ ग्रीक शब्द त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर सापडतो. अर्थ, पैसे पोचले, हिशेब चुकता. पाळकसाहेब ही धमकी असल्यासारखं वाचतात. मला ती सोय वाटते. स्वर्गातल्या फळासाठी मरावं लागतं, टाळ्या मात्र हातोहात मिळतात. शिवाय आयकरात सूट मिळवून देणारी पावती. रोख दोन हजारांवर तेवढी देऊ नका, सूट बुडते.

काही चतुर लोक गुप्तदान करतात. त्यांना भोळे समजू नका. गुप्तात पाहणारा पिता फळ देईल असं तिथेच पुढे लिहिलंय, म्हणजे ही सरळसरळ मुदत ठेव. मीही एकदा नाव न घालता पाच हजारांचं पाकीट टाकलं. पुढचे तीन रविवार कान टवकारून बसलो, उपासनेत निदान ‘एका अनामिक दात्याने’ एवढं तरी येईल म्हणून. काही नाही. चौथ्या रविवारी खजिनदारांना गाठून सहज विचारलं, “पाकिटं सगळी उघडता ना हो?”

खर्चच नको असेल तर प्रेषित पौलाला धरा. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात तो म्हणतो, मी सगळं धन अन्नदानाला दिलं पण माझ्यात प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. हे पाठच करा. दारात वर्गणीवाले आले की नम्रपणे सांगा, “हेतू अजून शुद्ध झालेला नाही, झाला की कळवतो.” आमच्याकडे एक गृहस्थ वीस वर्षं हेतू शुद्ध करतायत. लाभ ‘मला’ नाही असं पौल म्हणतो, जेवणाऱ्याला नाही असं म्हणत नाही. पण ही बारीक गोष्ट वर्गणीवाल्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

आणि नोंदी ठेवा. मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभे केलेले नीतिमान उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिलं? बघा, इतकं करून एक नोंद नाही!

कुर्ल्याच्या आमच्या मावशी त्यातल्याच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा अनोळखी भिजलेले लोक पिठलं-भात जेवलो. परवा चर्चच्या स्मरणिकेत ‘सेवेचे आदर्श’ या पानासाठी त्यांची मुलाखत घ्यायला गेलो.

“मावशी, त्या रात्री इतक्या लोकांना घरात घ्यावं असं का वाटलं तुम्हाला?”

“कुठल्या रात्री रे?”

मी पाऊस सांगितला, पाणी सांगितलं, पिठलंसुद्धा सांगितलं.

“असेल बाबा. तू जेवलास का?”

यातून काय छापणार? पान रिकामं कसं सोडायचं, म्हणून शेवटी माझाच फोटो दिला. पुतण्यानं काढलेला, ब्लँकेटासकट.