तिन्ही निगेटिव्ह आले म्हणून किमो थांबवू नका

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की, स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी पेशीतली प्रथिनं) आणि हर-टू (गाठ वाढवणारं प्रथिन) तिन्ही निगेटिव्ह असतील तर बाई वर्षभरही काढत नाही, किमोपायी शेत विकू नका. पॉझिटिव्ह असेल तर गोळ्यांवर भागतं. आणि रक्तातला सीए १५-३ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) तीसच्या आत असेल तर कॅन्सर नाहीच, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) टाळा.

मी जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, गाठींचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, बनवते. मागच्या महिन्यात पारोळ्याकडची एक बाई रिपोर्ट न्यायला आली. "ताई, निगेटिव्ह शे, मंग चांगलं शे ना?" तिनं विचारलं. मागे उभ्या मुलाचा चेहरा उतरला होता, त्यानं मेसेज वाचला होता. एकाच शब्दानं आई खुश आणि पोरगा हताश, आणि दोघंही चुकत होते.

ईआर, पीआर, हर-टूची ही तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते. रंग दिल्यावर ईआर असलेल्या पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतं. १०० पैकी १ पेशी रंगली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. कुठलं औषध लागू पडेल हे त्यावरून ठरतं. बाई किती जगेल हे एकट्या त्यावरून कुणीच सांगू शकत नाही.

'वर्षभरही काढत नाही' हे तर सरळ खोटं आहे. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही निगेटिव्ह, हा तापट कॅन्सर आहे, हे मी लपवणार नाही. पण अमेरिकेतल्या नोंदींनुसार तो स्तनापुरताच असताना सापडला, तर १०० पैकी ९० हून अधिक जणी ५ वर्षांनीही हयात असतात. दूरच्या अवयवांत पोचल्यावर मात्र हा आकडा १५ च्या आसपास येतो. म्हणजे फरक पडतो तो किती लवकर सापडला यानं. परत येण्याचा धोका पहिल्या ३ वर्षांत सगळ्यात जास्त असतो, ५ वर्षांनंतर बराच उतरतो. या प्रकारात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून किमो हेच मुख्य औषध, आणि या गाठी किमोला बऱ्याचदा चांगली दाद देतात. ऑपरेशनआधी किमो देऊन गाठ पूर्ण विरघळली, तर पुढची वाट खूपच सोपी होते. ज्या बाईला किमोची सगळ्यात जास्त गरज, तिलाच हा मेसेज किमो सोडायला सांगतोय!

पॉझिटिव्हवाल्यांचं गोळ्यांवर भागत नाही. ईआर पॉझिटिव्ह असेल तर ५ वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचं काम रोखणारी गोळी घेतल्यानं या कॅन्सरनं मरण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशानं घटतो, पण ऑपरेशन टळत नाही आणि कित्येकींना किमोही लागते. हा प्रकार १०-१५ वर्षांनीही डोकं वर काढू शकतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत गोळी बंद करू नये. हर-टू पॉझिटिव्ह तर एके काळी फार वाईट मानला जायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. २०१४ पासून आपल्याकडे भारतीय बनावटीचंही मिळतं. महाग आहेच, म्हणून फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी आरोग्यमित्राला विचारा, शेताचं नंतर बघू.

सीए १५-३ बद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, आणि कॅन्सर नसताना यकृताच्या आजारातही वाढतो. पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतायत का हे बघायला तो स्कॅनच्या जोडीनं वापरतात. हाताला गाठ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर टाळायची नाही.

मेसेजमध्ये नसलेली, पण मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट वेगळीच आहे. निगेटिव्ह रिपोर्ट कधी कधी खोटा असतो. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (गाठ सडू न देणाऱ्या रसायनात) जायला हवी, तीही गाठीच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, आणि त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. एकदा मे महिन्यात एका तालुक्याच्या गावाहून एसटीनं गाठ आली, लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत, नुसत्या सलाईनमध्ये, काढल्याला दोन दिवस झालेले. बाहेर ४५ अंश. सुरी लावली तर आतून पिठूळ. अशा तुकड्यात ईआर असला तरी रंग धरत नाही, आणि त्या बाईची साधी, स्वस्त गोळी कायमची हुकते. म्हणून ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारा, 'फॉर्मॅलिन आहे ना?' रिपोर्टबद्दल शंका वाटली तर लॅबमधून ब्लॉक मागून घ्या आणि दुसरीकडे तपासा. मागायला लाजू नका.

पारोळ्याच्या त्या पोराला मी ब्लॉक कागदात गुंडाळून दिला. दुसरा रिपोर्टही तिन्ही निगेटिव्हच आला. आईची किमो चालू आहे.